ती बाई माझी आई नाही

आधीच सांगून ठेवते. हे जे मी आता लिहितेय, ते खरं आहे. यातली आई माझी आई आहे, यातला राग माझा आहे आणि यात मी काहीही रचलेलं नाही. एवढं पहिल्याच ओळीत बजावून सांगायची पाळी माझ्यावर का आली, तेच सांगायला बसलेय.

मी एक कादंबरी लिहिली. कादंबरी. हा शब्द मी गेल्या दीड वर्षात इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलाय, की आता तो उच्चारताना माझा जबडा दुखतो.

मी न्हावा शेवाला एका कस्टम क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. परदेशातून कंटेनर आला की आतला माल सरकारी यादीतल्या कुठल्या हेडिंगखाली बसतो ते ठरवायचं आणि तसे कागद भरायचे, हे माझं काम. हेडिंगवर ड्युटी ठरते. लहान मुलांची प्लास्टिकची खुर्ची आली, तर ती फर्निचर म्हणायची की खेळणं, यावरून मी कस्टमच्या साहेबांशी अर्धा दिवस हुज्जत घातलेली आहे. हेडिंग चुकलं तर कंटेनर यार्डात पडून राहतो, माल मागवणारी पार्टी फोनवरून शिव्या घालते, बॉस डोकं खातो. पण त्या सगळ्या भांडणांत एक गोष्ट मी कधी पाहिली नाही. पाठवणाऱ्याचं आडनाव वाचून कोणी हेडिंग ठरवत नाही. खुर्ची उघडून बघतात, हात लावून बघतात, मग काय ते बोलतात.

आई आणि मी कळंबोलीत राहतो. वडील मराठवाड्यातून इथं लोखंड बाजारात माल चढवायला-उतरवायला आले आणि मागोमाग आई आली. वडील गेल्यावर आईने ट्रकवाल्यांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली. भाकरी, चपाती, एक सुकी भाजी, एक रस्सा. ट्रान्सपोर्टच्या यार्डात पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतचे ड्रायव्हर तिला मावशी म्हणायचे. त्या डब्यांवर मी शिकले. शाळा सुटली की फाटकाबाहेर आई उभी असायची, हाताला कांद्याचा वास, आणि मला घेऊनच ती पुढचे डबे पोचवायला जायची. लक्षात ठेवा हे. फाटकाबाहेर आई उभी असायची.

आता कादंबरी. तिच्यात एक बाई आहे. ती ट्रक वजन करायच्या काट्यावर, केबिनमध्ये बसून पावत्या फाडायचं काम करते. एके दिवशी ती आपली लहान मुलगी गावाकडे नणंदेच्या पदरात टाकते आणि पोलादाची कॉईल वाहणाऱ्या एका ड्रायव्हरबरोबर निघून जाते. मुलगी मोठी होते आणि ती सगळी हकिकत सांगते, 'मी' म्हणून. शेवटी तिला आई सापडते, हायवेवर एका धाब्यावर रोट्या लाटताना. दोघी एकमेकींना ओळखतात, आणि कोणी काही बोलत नाही. मुलगी जेवते, हात धुते, निघून जाते.

हे मला कुठून सुचलं? एकदा लंच टाइमला ऑफिसच्या खिडकीतून काट्यावरची केबिन दिसत होती आणि आत कोणीच नव्हतं. पंखा तेवढा चालू होता. मला वाटलं, इथली बाई उठून गेली तर? बस, एवढंच. त्यावर मी कित्येक वर्षं डबा खाता खाता लिहीत राहिले. आणि संध्याकाळी घरी येऊन आईला वाचून दाखवत राहिले. आई मेथी निवडायची, ऐकायची आणि मध्येच टोकायची. एकदा मी त्या काट्यावरच्या बाईला पश्चात्ताप होऊन ढसाढसा रडताना दाखवलं, तर आई म्हणाली, "कशाला रडवायलीस तिला? गेली तर गेली. जाणारी बाई मागं वळून बघत नसती." मी ते पान फाडलं. आईचं बरोबर होतं.

म्हणजे त्या पुस्तकातली बाई घडवायला माझ्या आईने मदत केलेली आहे. पुढचं वाचताना हेही लक्षात असू द्या.

प्रकाशक पुण्याचे. फोनवर गोड बोलायचे, ताई ताई करायचे. प्रुफं तपासायला आली तेव्हा आतल्या पानावर 'कादंबरी' असं स्वच्छ छापलेलं होतं. मग एक दिवस पुस्तकांचं पार्सल आलं. आई हात धुऊन, पुसून आली. मी सुतळी कापली. कव्हरवर एका पाठमोऱ्या बाईचं चित्र, माझं नाव, आणि त्याखाली लाल अक्षरांत 'आत्मकथन'.

मला वाटलं चुकून दुसऱ्या कोणाचं कव्हर आलं. फोन लावला. ते म्हणाले, "चूक नाही ताई, मुद्दाम केलंय. मार्केटिंगचा भाग असतो हा. नवीन लेखिकेची कादंबरी कोण विकत घेतं? आत्मकथन म्हटलं की वाचक थांबतो. आणि खरं सांगू का, तुमच्याकडून लोकांची अपेक्षा तीच आहे."

"माझ्याकडून म्हणजे कोणाकडून?" मी विचारलं.

ते हसले. हसल्यावर मला सगळं कळलं. आम्ही बौद्ध. माझं आडनाव वाचलं की लोकांना पुढचं पुस्तक न उघडताच वाचता येतं. मी त्यांना म्हटलं, ही आख्खी गोष्ट मी रचलेली आहे, यातलं एक पान माझ्या आयुष्यात घडलेलं नाही. तर म्हणाले, "असं कसं ताई? इतकं जिवंत लिहिलंय तुम्ही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत लिहिलं म्हणजे ते माझ्याबाबतीत घडलेलंच असणार. रचून जिवंत लिहायची अक्कल माझ्याकडे असेल, हे त्या माणसाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत बघू म्हणाले आणि फोन ठेवला.

हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. आजवर मी मराठीतला बहुतेक प्रत्येक प्रकार लिहून पाहिलाय आणि प्रत्येकाच्या दारात मला असंच कोणी ना कोणी भेटलंय. खाडीत रोहित पक्षी येतात, त्यांच्यावर एक ललित लेख लिहून एका दिवाळी अंकाला पाठवला होता. संपादकबाईंचा निरोप आला, लेख सुरेख आहे, पण यात तुमचं स्वतःचं काही येऊ द्या ना, वेदना कमी पडतेय. पक्ष्यांच्या लेखात कसली वेदना आणू मी? सोसायटीच्या कार्यक्रमासाठी पार्किंगच्या भांडणावर एकांकिका लिहिली. लोक हसून हसून बेजार झाले. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे म्हणाले, विनोद ठीक आहे, पण तुमच्या लेखणीत संघर्ष यायला हवा. अहो, एका खांबामागे तीन गाड्या लावायच्या, याहून मोठा संघर्ष आमच्या सेक्टरमध्ये झालेला नाही. प्रेमकविता केली, तर ती म्हणे विद्रोही. मी कुणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळाबद्दल लिहिलं होतं, त्यात विद्रोह कसला कपाळाचा.

कविता, कथा, नाटक, ललित, कादंबरी. बाकीच्यांसाठी ही सगळी दारं उघडी. हव्या त्या दारातून आत जावं, आवडलं नाही तर बाहेर यावं. आमच्यासाठी एकच दार, आणि त्यावर आधीच पाटी लावलेली.

आणि कोणी असं समजू नका, की मला आत्मकथन कमी वाटतं. आमच्या घरात वडिलांनी जमवलेली आत्मकथनं होती. आईने ती डोळे पुसत पुसत वाचली आहेत. ज्यांनी ती लिहिली त्यांनी आपल्या आईबापाला नावानिशी उघड्यावर आणलं, गावाचा रोष घेतला, भाऊबंद तोडले. का, तर जे लिहिलंय ते खरं होतं आणि ते लिहिणं भाग होतं. त्या माणसांच्या पंक्तीत माझी ही मनाने रचलेली गोष्ट नेऊन बसवायची? हा त्यांचा अपमान आहे. खऱ्याच्या जागी खोटं विकायचं आणि वर मलाच म्हणायचं, यात कमीपणा कसला.

पण हे सगळं झालं पुस्तकाबद्दल. पुस्तकाचं मी सोसलं असतं. भांडले असते, चिडले असते, दुसरं लिहायला घेतलं असतं. खरी आग लागली ती घरात.

आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे. आषाढी पौर्णिमेपासून पुढे तीन महिने वर्षावास असतो, तेव्हा तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. पांढरी साडी नेसून एकीने चौरंगापुढे बसून वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कित्येक वर्षं ते वाचन आई करत होती. आई गावी चौथीपर्यंतच शिकलेली, पण तिचा आवाज ठाम आहे आणि ती अवघड शब्दाला घाबरत नाही. दिवसभर डब्यांच्या धबडग्यात असलेली माझी आई त्या तासाभरात वेगळीच दिसायची. त्या तीन महिन्यांसाठी ती वर्षभर जगायची म्हटलं तरी चालेल.

पुस्तक उन्हाळ्यात आलं. गल्लीत बातमी व्हायला वेळ लागला नाही. वाचलं फार कोणी नाही, पण कव्हर सगळ्यांनी पाहिलं आणि गोष्ट तोंडातोंडी पसरली. पोरीने स्वतःच्या आईवर पुस्तक लिहिलंय. आई पोरीला टाकून ड्रायव्हरबरोबर गेली होती. आणि इथे आईचे ते डबे आडवे आले. ट्रकवाल्यांना डबे द्यायचीच ना ती? मग जुळलंच की सगळं. मधल्या काळात कुठे होती ते कोणालाच नीट आठवेना, कारण आठवायला काही नव्हतंच, ती इथेच होती. पण लोकांनी आपापल्या सोयीने जागा भरून काढल्या. मी लग्न केलं नाही, त्याचंही कारण म्हणे पुस्तकात सापडलं. आईने टाकलेल्या पोरीचा संसारावर विश्वास कसा बसणार. मी लग्न केलं नाही कारण मला करायचं नव्हतं, पण एवढं साधं कारण कोणाला पुरतंय.

वर्षावासाच्या आदल्या दिवशी महिला मंडळाची अध्यक्ष घरी आली. कोकणातली, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. चहा घेतला, गुडघ्यांची चौकशी केली आणि म्हणाली, "काकू, यंदा तुमी जरा आराम करा. डोळ्यांना ताण होतो तुमच्या. नव्या सुना शिकल्यासवरल्या हायत, त्यांना पण संधी दिली पायजे ना."

आईच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. चष्मा लावून ती अजून सुईत दोरा ओवते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. अध्यक्ष गेल्यावर आईने इस्त्री करून ठेवलेली पांढरी साडी उचलली आणि कपाटात तळाला ठेवली. संध्याकाळी ती विहारात गेली आणि मागच्या रांगेत बसून, एक नवी सून अडखळत वाचत होती, ते ऐकत राहिली. रोज गेली. एक दिवस चुकवला नाही. त्या तीन महिन्यांत मी घरात भांडी किती आपटली असतील त्याला गणती नाही.

मी दारोदार फिरले. खरंच फिरले. प्रत्येक घरी सांगितलं, मावशी, ती गोष्ट आहे, मी रचलीय. "हो हो," म्हणायच्या, "आईची बाजू घेणारच तू, चांगलंच हाय." एकीने तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जुईनगरच्या ज्या वाचनालयात मी कॉलेजपासून पुस्तकं बदलते, तिथेही गेले. माझं पुस्तक आत्मचरित्रांच्या कपाटात उभं होतं. ते कादंबरीत ठेवा म्हटलं, तर ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, कव्हरवर काय लिहिलंय बघा ना." बरोबर होतं त्यांचंही. कव्हरवर तेच लिहिलं होतं.

मग हिवाळ्यात वाशीतल्या एका साहित्य मंडळाचा फोन आला. तुमच्या पुस्तकाला आत्मकथन विभागातला पुरस्कार जाहीर झालाय. मी त्या मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं, विभाग चुकलाय, ती कादंबरी आहे. हे निवृत्त प्राध्यापक. मला साहित्यप्रकार समजावून सांगायला लागले. म्हणाले, "आत्मकथन हे तुमच्या समाजाने मराठी साहित्याला दिलेलं लेणं आहे. त्याचा अभिमान बाळगायला हवा तुम्ही. आणि कादंबरी कशी म्हणता? सगळं 'मी'मध्ये तर आहे."

मी विचारलं, "सर, तुमची स्वतःची कादंबरी 'मी'मध्येच आहे ना? त्यातला डॉक्टर बायकोला विष घालून मारतो. मग तुमच्या घरी पोलीस कधी आले होते?"

ते म्हणाले, "अहो, ती कल्पना आहे."

तेच तर. त्यांची कल्पना आणि माझा अनुभव. ते रचू शकतात, मी फक्त भोगू शकते. ते मी त्यांना सांगितलं, तेव्हा म्हणाले, तुमचा संताप मी समजू शकतो, तो तुमच्या लेखनातही जाणवतो. अशा माणसाशी बोलून काय उपयोग? भिंतीवर डोकं आपटलेलं बरं.

पुरस्कार घ्यायचा नाही हे ठरलेलंच होतं. पण समारंभात बोलायला पाच मिनिटं मिळणार होती, माईक मिळणार होता, समोर लोक असणार होते. मी ठरवलं, जायचं, सगळ्यांसमोर सांगायचं आणि ती ट्रॉफी तिथेच ठेवून यायचं. आई म्हणाली, "मी बी येते. बघू दे मला ती माणसं." तिने कपाटाच्या तळातली पांढरी साडी काढली.

हॉल भरलेला होता. आई तिसऱ्या रांगेत बसली, मी स्टेजवर. कविता, कथा, बालसाहित्य असे पुरस्कार देऊन झाले. आमचा विभाग आला आणि अध्यक्ष उभे राहिले. आवाज जड करून म्हणाले, काही पुस्तकं क्षमा शिकवतात. म्हणाले, आज एक योग आहे. जी माता परिस्थितीने लेकीला सोडून गेली, ती आज लेकीच्या सत्काराला आपल्यासमोर बसली आहे. त्या माउलीला मी विनंती करतो, तिने मंचावर यावं.

मला कोणी विचारलं नव्हतं. मी खुर्चीतून उठले तोवर दोन बायका आईला हाताला धरून पायऱ्यांपर्यंत घेऊन आल्या होत्या. टाळ्या वाजत होत्या. काही जण उभे राहिले होते. अध्यक्षांनी आईच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. ज्या बाईने आयुष्यात एक रात्र मला दुसऱ्याच्या घरी ठेवलं नाही, तिचा तिथे पोर टाकल्याबद्दल सत्कार चालला होता.

आईने नारळ टेबलावर ठेवला. माईकपाशी गेली. विहारात वाचायची, त्याच आवाजात म्हणाली, "मी माझ्या लेकीला कुठंच टाकून गेले नाही. डबे करून शिकवलं मी तिला. ह्या पुस्तकातली बाई मी नव्हं. ती हिनं रचलीय. लई चांगली रचलीय. तुमाला ते कळंना झालं, त्याला मी काय करू?"

समोरच्या काही माना हलल्या. मला वाटलं, झालं, कळलं यांना. आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. अध्यक्ष माईकवर येऊन गहिवरून म्हणाले, "हेच ते आईचं मन. आजही तिला तो भूतकाळ स्वीकारणं जड जातंय."

त्यानंतर मी काय बोलले ते मला अर्धवट आठवतं. आवाज चढला होता एवढं नक्की. मी म्हटलं, माझी आई खोटं बोलत नाही आणि माझी कादंबरी खरी नाही, या दोन वाक्यांत तुम्हाला न समजण्यासारखं काय आहे? ट्रॉफी ठेवली, आईच्या खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर टाकली आणि तिला घेऊन खाली उतरले. बाहेर चहाच्या टेबलाजवळ एका बाईने मला थांबवून मिठी मारली आणि कानात म्हणाली, "समजतं मला. आईच्या देखत खरं बोलता येत नाही." मी तिला काय उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

बसमध्ये आई खिडकीशी बसली. बाहेर बघत राहिली. मला वाटलं रडतेय, पण नाही. नेरूळ मागे पडल्यावर म्हणाली, "पुढच्या पुस्तकात मला राणी कर."

"काय?"

"राणी कर. हत्तीवर बसव, राजवाडा दे. मी पोर टाकली म्हणलं की लगेच खरं वाटलं सगळ्यांना. आता राणी होते म्हण. बघू कोण खरं मानतंय."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ असं भरून आलं की मी तोंड फिरवून घेतलं.

पुढे प्रकाशकांचा फोन आला. समारंभाची चर्चा झाली होती, पुस्तक जोरात चाललं होतं. म्हणाले, आता दुसरा भाग लिहा ताई, आईची बाजू. मी फोन कट केला. नंतर दुसरी आवृत्ती निघाली. कव्हरवर तोच शब्द, आता जरा मोठ्या अक्षरांत.

आणि पुन्हा आषाढ आला. नवी वाचणारी सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. आता वाचणार कोण? पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी महिला मंडळाची अध्यक्ष आणि तिच्याबरोबर दोघी तिघी आमच्या दारात. आई कणीक मळत होती. अध्यक्ष म्हणाली, "काकू, उद्यापास्नं तुमीच वाचायचं. तुमच्यासारखं कोनाला जमत नाय."

आईने वर पाहिलं नाही. म्हणाली, "माझ्या लेकीनं पुस्तक लिहिलंय. ते काय हाय?"

"काय म्हंजे?"

"काय हाय ते सांग."

अध्यक्ष गोंधळली. "तुमची... म्हंजे तिची... जीवनकहाणी ना ती."

"मग दुसरी बघा कोण वाचणारी," आई म्हणाली आणि कणकेला तेलाचा हात लावायला लागली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी ओट्याला टेकून उभी होते. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, कारण मी बोलले असते तर मंडळच मोडलं असतं. शेवटी त्यांच्यातली एक हळूच पुटपुटली, "कादंबरी म्हण गं."

"कादंबरी, काकू," अध्यक्ष म्हणाली.

"इथं मला सांगून काय उपयोग?" आई म्हणाली. "मी तर मेथी निवडत निवडत ऐकलीय ती. उद्या विहारात सगळ्यांच्या म्होरं सांगायचं. मग मी ग्रंथ उघडते."

दुसऱ्या दिवशी विहार गच्च भरला होता. वंदना झाली. आई पांढऱ्या साडीत चौरंगापुढे जाऊन बसली, चष्मा पुसला आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिली. ग्रंथावरचं पांढरं कापड तिने काढलं नाही. शेवटी अध्यक्ष उठली, पदर सारखा केला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "काकूंच्या मुलीनं लिहिलेलं पुस्तक ही कादंबरी हाय. त्यातली बाई काकू नायत."

"मोठ्यानं," आई म्हणाली.

ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने. मग आईने कापड बाजूला केलं आणि वाचायला सुरुवात केली.

घरी येताना मी आईला विचारलं, त्यांना खरंच पटलं असेल का, की वाचायला कोणी नव्हतं म्हणून म्हणाल्या? आई चपला काढत होती. म्हणाली, "पटू दे नाहीतर नको पटू दे. म्हणायला लावलं ना."